सैरंध्रीच्या रानात एक दिवस

आपल्या घरच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. डिसेंबरात चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, मुलांना सुट्टी लागली आणि हाताशी चार पैसे असले तर कार्ले-भाजे किंवा अजिंठा-वेरूळ. त्यात गैर काही नाही. पण नुसती झाडे बघायला रजा टाकून, तिकीट काढून परराज्यात जायचे म्हटले की पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला ती चैन वाटते. "झाडे काय, आपल्या कार्यालयाच्या आवारातही आहेत," असे माझ्या एका सहकाऱ्याने मला तोंडावर ऐकवले. त्याला उत्तर म्हणून आणि आपल्या वाचक कुटुंबांना थोडी माहिती व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

आम्ही गेलो होतो केरळातील पालक्काड जिल्ह्यात असलेल्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानात. मी, माझी पत्नी, बारावीत शिकणारी मुलगी आणि आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत येणारी दोन मुले, अशी पाच माणसे. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले आणि जानेवारीत निघालो. कोकण रेल्वेने शोरानूर, तेथून बसने मन्नारकाड, तेथे साध्या लॉजमध्ये मुक्काम. हिशेबाची वही अर्थातच माझ्याकडे होती. कारकुनाची सवय, ती सहलीतही सुटत नाही.

मुक्कालीचे नाके

मन्नारकाडहून अट्टप्पाडीकडे जाणारी बस रबर आणि सुपारीच्या बागा मागे टाकून वळणावळणाचा घाट चढते. घाटमाथ्यावर मुक्काली नावाचे छोटे गाव लागते. चार दुकाने, चहाच्या टपऱ्या, रिक्षा, जीपगाड्या आणि वन खात्याचे कार्यालय. उद्यानात जाण्याची परवानगी येथेच मिळते. खासगी गाडी आत सोडत नाहीत. वन खात्याने मान्य केलेली जीप आणि सोबत वाटाड्या घ्यावाच लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या आत नेण्यास मनाई आहे. आमच्याजवळचा फरसाणही त्यामुळे पिशवीतून निघून कागदात आणि डब्यात गेला.

आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण होता. तो मुदुगर समाजाचा. अट्टप्पाडीत इरुळर, मुदुगर आणि कुरुंबर असे तीन आदिवासी समाज पिढ्यान्पिढ्या राहतात. त्याला मल्याळम आणि स्वतःची बोली येत होती, तमिळ बरी, हिंदी मोडकी. आमची हिंदीही मुंबईची. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हातवारे भरपूर झाले आणि कोणालाच लाज वाटली नाही.

मुक्कालीपासून सैरंध्री २३ किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण खडबडीत रस्त्याने जीपला तासाहून अधिक वेळ लागतो. सुरुवातीला कॉफीची लागवड दिसते, मग हळूहळू झाडे उंच होतात आणि रस्त्यावरचे ऊन नाहीसे होते. एका वळणावर ड्रायव्हरने न सांगता इंजिन बंद केले. समोरच्या फांद्यांवर काळी लंगुरे बसली होती. अंग काळे, डोक्याचे केस पिंगट. हे निलगिरी लंगूर. थोडे पुढे शेकरू दिसले. भीमाशंकरच्या जंगलात दिसणारी, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार येथेही आहे, कारण डोंगर तोच आहे. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तो गुजरातच्या सीमेजवळून निघून केरळाच्या टोकापर्यंत जातो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा त्या यादीत सायलेंट व्हॅली होती आणि आपले कास, कोयना, चांदोली, राधानगरीही होते.

उजेड शोधत फोटो

जगातल्या उष्ण प्रदेशात जेथे भरपूर पाऊस पडतो आणि झाडांची पाने बारा महिने टिकतात, त्या अरण्याला वर्षावन म्हणतात. आपल्याकडील साग-पळसाच्या रानात उन्हाळ्यात पानगळ होते आणि वरचे आभाळ दिसते. येथे तसे होत नाही. या रानाला मजले असतात, चाळीसारखे. सर्वांत वरच्या मजल्यावर चाळीस मीटरपर्यंत वाढलेले वृक्ष. त्यांच्या माथ्यांचे एकसंध छप्पर. त्याखाली मध्यम झाडे, त्याखाली वेत, वेली, वृक्षनेचे आणि तळाला ओलसर पाचोळा. वरच्या मजल्यावर पडलेल्या उन्हापैकी तळमजल्यावर शंभरातला एखाद-दुसरा भाग पोहोचतो. खालचे रोप त्या अंधारात वर्षानुवर्षे तग धरून राहते. शेजारचा एखादा म्हातारा वृक्ष कोसळला आणि वरून उजेड आला, की ते झपाट्याने वाढते.

ज्यांना फोटोची हौस आहे त्यांनी ही उजेडाची गोष्ट आधी समजून घ्यावी. माझ्याकडे वापरलेला डिजिटल कॅमेरा आहे, हप्त्याने घेतलेला. रस्त्यावर भर दुपारी ज्या कॅमेऱ्याला एका सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, त्याला या रानात एकअष्टमांश सेकंदापर्यंत शटर उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात हात हलतोच. म्हणून तीन पायांचे स्टँड न्यावे, बटण दाबण्याऐवजी सेल्फ टायमर लावावा, आणि आयएसओ वाढवावा. फोटो थोडा दाणेदार येतो, पण येतो. वरच्या फांदीवरचा पक्षी टिपायला गेले की मागचे पांढरे आभाळ झगझगते आणि पक्षी काळा ठिपका होतो. तेव्हा आभाळ चौकटीबाहेर ठेवावे. हवेत इतका दमटपणा असतो की भिंगावर बाष्प धरते. सुती रुमाल खिशात हवा. आणि प्राण्यावर फ्लॅश मारू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो जाळ कशाला?

ज्या कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची महागडी भिंगे नाहीत, त्याने लहान गोष्टींकडे वळावे, हे मी त्या दिवशी ठरवले आणि त्याचा फायदा झाला. भिंतीसारखी पसरलेली झाडांची आधारमुळे. त्यांच्या खोबणीत साठलेले पाणी. वेटोळे करून पडलेला वाणी किडा. पडलेल्या ओंडक्यावरची बुरशी, एकावर एक बशा रचाव्यात तशी. एका नागकेशराला कोवळी पालवी फुटली होती, ती लालभडक. आमच्या मुलीला ते फूल वाटले. ही सगळी चित्रे माझ्या साध्या भिंगात उत्तम आली. मोठ्या जनावराच्या मागे धावलो असतो तर यातले एकही मिळाले नसते.

वाटेवर हत्तीची ताजी लीद होती. वाटाड्याने आम्हाला थांबवले, एकटा पुढे गेला, कान देऊन ऐकले, मग हाताने बोलावले. या खोऱ्याला इंग्रजांनी "सायलेंट व्हॅली", म्हणजे शांत खोरे, असे नाव दिले. त्यामागे अनेक कारणे सांगतात. झाडांवर कर्कश ओरडणारा सिकाडा हा कीटक येथे नाही म्हणून, असे एक. स्थानिक नाव सैरंध्रीवनम, आणि नदी कुंती. सैरंध्री हे अज्ञातवासातील द्रौपदीचे नाव. पांडवांच्या कथा देशातल्या प्रत्येक डोंगराला चिकटल्या आहेत, तशा येथेही. प्रत्यक्षात रान मुळीच शांत नव्हते. पाणी वाहत होते, पक्षी बोलत होते, वरून काहीबाही गळत होते. माणसाचा आवाज तेवढा नव्हता.

सिंहपुच्छ वानर

सैरंध्रीला पोहोचल्यावर प्रथम तीस मीटर उंचीच्या लोखंडी मनोऱ्यावर चढलो. वर गेल्यावर रानाचे छप्पर पायाखाली येते. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला ठाऊक नव्हते. उत्तरेकडे निलगिरीचे डोंगर. या उद्यानातील सर्वांत उंच शिखर अंगिंडा, २३८३ मीटर. खाली दरीतून कुंतीची पांढरी रेघ.

वाटाड्याने बोट दाखवले तेथे बराच वेळ काही दिसेना. मग एक फांदी हलली आणि काळे तोंड दिसले. तोंडाभोवती चंदेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुपका. हे सिंहपुच्छ वानर. जगात फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तीन राज्यांतच ते नैसर्गिक अवस्थेत राहते. आपल्या गावातील माकडासारखे ते माणसाच्या मागे लागत नाही. त्याचे बहुतेक आयुष्य झाडांच्या माथ्यावर जाते. म्हणून त्याला सलग रान लागते. मध्ये मोठे मोकळे पट्टे पडले की टोळ्या एकमेकींपासून तुटतात. वेडिप्लाव नावाचा एक उंच वृक्ष त्याचे मुख्य अन्न पुरवतो. त्याची काटेरी फळे फोडून वानर आतले बी खाते. वाटाड्याने वाळलेले एक टरफल आम्हाला वाटेवर दाखवले होते. फणसाच्या पोरासारखे, पण काटे बोटात घुसणारे. मला वानराचे पाच फोटो मिळाले. त्यांतील चार पानांचेच आहेत.

वीज नको होती का?

मनोऱ्यावर उभे असतानाच मुलीने विचारले, "पप्पा, इथे धरण होणार होते ना? मग लोकांना वीज नको होती का?"

हा प्रश्न आपल्या घरातील मुलीने विचारावा हे मला आवडले, कारण तो टाळण्यासारखा नाही. सैरंध्रीजवळच्या अरुंद घळीची जागा वीजनिर्मितीसाठी १९२८ सालीच हेरलेली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मान्यता दिली. सुमारे १३० मीटर उंचीचे धरण, सुरुवातीला १२० मेगावॅट वीज, आणि सुमारे ८३० हेक्टर जंगल पाण्याखाली. मलबार हा केरळातील मागासलेला भाग. तेथे वीज येईल, कारखाने येतील, हाताला काम मिळेल, असे सांगण्यात आले. राज्य सरकार, वीज मंडळ आणि बहुतेक राजकीय पक्ष धरणाच्या बाजूने होते.

आपल्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्याच काळात घातला गेला. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत, आणि उद्योगांना स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची भूमिका होती. ज्याच्या झोपडीत चिमणी जळत होती त्या समाजाला विजेचे महत्त्व कोणी शिकवायला नको. मग धरण अडवणाऱ्यांचे कौतुक आपण कसे करावे?

याचे उत्तर मला धरणाला विरोध करणाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीत सापडले. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, इंजिनिअर, सरकारी नोकर असे तिचे कार्यकर्ते. विज्ञान गावोगाव नेणे हे तिचे काम. ती विजेच्या विरोधात नव्हती आणि मलबारला वीज मिळावी हे तिला मान्य होते. वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्रा. एम. के. प्रसाद यांनी हा विषय लावून धरला. १९७९ मध्ये परिषदेने प्रकल्पाचा तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक अंगांनी तपास करून तो छापला. वीज किती, खर्च किती, रोजगार किती, तीच वीज दुसरीकडून मिळेल का, आणि जे बुडेल ते पुन्हा विकत घेता येईल का, असे सरळ प्रश्न त्यात होते. म्हणजे सरकारच्या वहीतला जमाखर्च त्यांनी पुन्हा तपासला आणि नावे पडायला हवी असलेली एक मोठी रक्कम लिहिलेलीच नाही हे दाखवले. ती रक्कम म्हणजे रान.

मी बी.कॉम. झालेला माणूस. मला या लढ्यातील हा भाग सर्वांत भावला. निसर्गप्रेमाच्या नुसत्या हाळीने १९७९ साली कोणी ऐकले नसते. हिशेब मांडला तेव्हा समोरच्याला हिशेबाने बोलावे लागले. मग बाकीचे बळ मिळाले. मल्याळम कवयित्री सुगतकुमारी यांनी झाडाच्या स्तुतीची कविता लिहिली आणि ती सभांतून गाजली. मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्यासारख्यांनी खोरे वाचवण्यासाठी शब्द टाकला. इंदिरा गांधींच्या सरकारने शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८३ च्या अखेरीस प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ च्या नोव्हेंबरात हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याची कोनशिला सैरंध्रीला आहे.

सुगतकुमारी २०२० मध्ये आणि प्रा. प्रसाद २०२२ मध्ये गेले. केरळात वीज पोहोचली आणि रानही उभे राहिले. मुलीला मी एवढेच सांगितले: वीज हवी का, या प्रश्नाचे उत्तर हो असेच आहे. पण त्यानंतर आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. वीज कोणाला मिळणार? किंमत कोण देणार? आणि दुसरा मार्ग तपासला का? ज्याला कोणी हे प्रश्न विचारू देत नाही, त्याचे घर आधी बुडते. कोयनेच्या आणि उजनीच्या विस्थापितांना विचारा.

कुंतीच्या पाण्याकाठी

सैरंध्रीहून दीड किलोमीटरची पायवाट उतरत कुंती नदीपर्यंत जाते. आमच्या दिवसातली सर्वांत सुंदर चाल हीच. पाचोळ्यात जळवा होत्या. पायमोज्यांत पँट खोचून घेतली होती, तरी अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या पोटरीवर एक चढलीच. तो ओरडणार तोच वाटाड्याने तंबाखूचे ओले बोट लावले आणि जळू गळून पडली. "पंधरा मिनिटे रक्त येईल, मग थांबेल," असे त्याने खुणेने सांगितले, आणि तसेच झाले.

नदीवर झुलता पूल आहे. पाणी इतके नितळ की तळाचे गोटे मोजावेत. याचे कारण साधे आहे. नदी निलगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि या खोऱ्यात तिच्या काठी गाव नाही, कारखाना नाही, गटार नाही. पुढे हेच पाणी भारतप्पुळा नदीला मिळते आणि लाखो माणसे ते वापरतात. रान पाऊस धरून ठेवते आणि उन्हाळाभर थोडे थोडे सोडते. मनपाच्या नळाला चार बादल्या पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या आमच्या बायकांना याचे मोल सांगायला नको. पत्नी बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "हे एवढे पाणी कोणी न सांडता, न भांडता वाहतंय." मी तिचा फोटो काढला. तो आमच्या घरात आता भिंतीवर आहे.

मुक्कालीतील दुसरा हिशेब

संध्याकाळी जीपने आम्हाला पुन्हा मुक्कालीत सोडले. सकाळी हे गाव मी नाके म्हणून पाहिले होते. पण मुक्कालीचे नाव मला आधीपासून ठाऊक होते, आणि या पानाच्या वाचकांपैकीही अनेकांना ते आठवत असेल.

२२ फेब्रुवारी २०१८ रोजी मधू नावाच्या आदिवासी तरुणाला जमावाने जवळच्या जंगलातून पकडून, हात बांधून, याच मुक्कालीत आणले. दुकानांतून तांदूळ वगैरे चोरल्याचा संशय होता. त्याची मानसिक स्थिती ठीक नव्हती आणि तो रानातच राहत असे. त्याला मारहाण झाली. पोलिसांच्या ताब्यात दिल्यावर रुग्णालयात नेताना तो मेला. पकडणाऱ्यांपैकी काहींनी बांधलेल्या मधूसोबत स्वतःचे फोटो काढले आणि ते मोबाइलवरून पसरवले. खटल्यात अनेक साक्षीदार फुटले. तरीही त्याची आई आणि बहीण हटल्या नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये मन्नारकाडच्या विशेष न्यायालयाने १६ पैकी १४ जणांना दोषी ठरवले आणि त्यांतील १३ जणांना ७ वर्षांची सक्तमजुरी दिली.

दिवसभर खांद्यावर कॅमेरा वागवणाऱ्या माणसाला त्या टपऱ्यांसमोर उभे राहिल्यावर हे आठवल्याशिवाय राहत नाही. फोटो काढणे ही निरुपद्रवी हौस आहे असे आपण समजतो. पण समोरचा माणूस बांधलेला असताना काढलेला फोटो हीही मारहाणच असते. आपल्या समाजाने असे फोटो, असे व्हिडिओ खूप पाहिले आहेत.

अट्टप्पाडीतील आदिवासी एकेकाळी तेथे बहुसंख्य होते. बाहेरून वस्ती आली, जमिनी हातच्या गेल्या आणि ते अल्पसंख्य झाले. गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केरळ सरकारने १९७५ मध्ये केला. त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली आणि १९९९ मध्ये नवा कायदा आणून तो बाजूला सारला गेला. २०१३ मध्ये याच अट्टप्पाडीत कुपोषणामुळे अर्भके दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. ज्या खोऱ्यातील वानरासाठी दिल्लीपर्यंत आवाज पोहोचला, त्या खोऱ्याच्या दारातील आईच्या दुधाचा प्रश्न मात्र तीस वर्षांनी वर्तमानपत्रांत आला. मी वानराचे महत्त्व कमी करत नाही. ते रान वाचले हे फार मोठे काम झाले. पण वहीचे एक पान तपासून झाले म्हणजे वही पूर्ण होत नाही. जंगलाचा हिशेब शिक्षकांनी मांडला. जंगलाकाठच्या माणसाचा हिशेब अजून मांडायचा आहे, आणि तो मांडणाऱ्यांत आपण असायला हवे.

वाटाड्याशी मी मधूबद्दल बोललो नाही. परक्याने चहा पिता पिता विचारावा असा तो विषय नव्हता. त्याला निरोप देताना मुलीने विचारले, "दादा, तुमचा एक फोटो काढू का?" त्याने थोडा विचार केला. म्हणाला, असा नको, थांबा. खिशातून कंगवा काढून केस नीट केले, शर्टाचे वरचे बटण लावले, दुर्बीण गळ्यात समोर आणली आणि वन खात्याच्या फलकाशेजारी ताठ उभा राहिला. त्याला दिसायचे होते तसा फोटो मुलीने काढला. मग तो म्हणाला, मोबाइलवर नको, कागदावर पाठवा, आईला दाखवायचा आहे. घरी आल्यावर आम्ही तीन प्रती काढून टपालाने पाठवल्या.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. परवानगीची चौकशी आधी करून ठेवावी. पूर्ण बाह्यांचे, मळकट हिरव्या-तपकिरी रंगाचे कपडे, लांब पायमोजे, दुर्बीण, सुती रुमाल आणि धातूची पाण्याची बाटली बरोबर असावी. चार-पाच जण मिळून गेल्यास जीपचा खर्च वाटला जातो. ज्यांना केरळ लांब पडते त्यांनी संजय गांधी उद्यान, कर्नाळा, फणसाड किंवा राधानगरीपासून सुरुवात करावी. डोंगर तोच आहे.

मुलांना मात्र न्याच. आमच्या अभ्यासिकेतल्या त्या दोघांनी आता वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात पाहिलेले झाड, पक्षी, किडा. दुसऱ्यात त्या ठिकाणी भेटलेल्या माणसांची माहिती: वाटाड्या, पहारेकरी, लाकूडफाटा वेचणारी बाई, ती कोठे राहते, तिला रोज किती मिळतो, तिची मुले कोणत्या शाळेत जातात. हा दुसरा रकाना त्यांनी स्वतःहून आखला. कोणत्याही जंगलात जा, दोन्ही रकाने भरा.